तोरणाआडची बी.ए.

जळगावला मेहरूणच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोनवण्यांचं घर. त्या घराच्या दाराला मण्यांचं तोरण होतं, पण ते डाव्या बाजूला वीतभर आणि उजव्या बाजूला चांगलं हातभर लोंबायचं. येणारी प्रत्येक बाई थबकायची.

"झुंबरबाई, डाव्या अंगाचे मणी संपले का हो?"

"संपले नाहीत. उजव्या अंगाला जास्त झाले," असं सांगून झुंबरबाई तिला हाताला धरून आत न्यायची, म्हणजे तिनं मान वर करून बघायला नको.

दारावर पाटी होती आणि पाटीच्या उजव्या टोकाला, तोरणाच्या लांब बाजूमागे, 'बी.ए.' लिहिलेलं होतं. झुंबरबाई बी.ए. नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असंही नाही. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. फक्त अमेरिकेत नापास होती.

तिचं माहेर धुळ्याचं. जुनी मॅट्रिक झाली आणि लगेच लग्न झालं. पुढं मुलगी सासरी गेली, मुलगा नाशिकला नोकरीला लागला आणि दुपार एकदम मोठी झाली. शेजारपाजारच्या बायका त्या दुपारी पापड-कुरडया घालायच्या. झुंबरबाईच्या कुरडया तारेसारख्या निघायच्या नाहीत, गोळा व्हायच्या. म्हणून आपण शिकायला लागलो, असं ती स्वतःच सांगायची. आधी बाहेरून बारावी दिली, मग बाहेरूनच बी.ए.चा फॉर्म भरला. तेव्हा नवरा तोताराम धुळ्याला कापसाच्या जिनात कामाला होता, त्यामुळे परीक्षेचं केंद्र धुळं. पुढं तो जळगावला केळीच्या वखारीवर मुनीम झाला, बिऱ्हाड मेहरूणला आलं, पण केंद्र काही बदललं नाही.

शेवटच्या वर्षी इतिहासाच्या दोन पेपरांतून एक निवडायचा होता. एक प्राचीन भारताचा, दुसरा आधुनिक अमेरिकेचा. झुंबरबाईनं विचार केला, आपला देश हजारो वर्षांचा, वाचता वाचता म्हातारपण येईल. अमेरिका कालपरवाची. त्यातही 'आधुनिक' म्हटलंय, म्हणजे तिच्यातलीही निम्मीच. एवढ्याशा देशाला इतिहास असून असून किती असणार? तिनं फॉर्मवर अमेरिकेपुढं खूण केली. पुढं पुस्तकाच्या दुकानदारानं मार्गदर्शक काढून पुढ्यात ठेवलं, ते उशीएवढं जाड. झुंबरबाईनं ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. मग म्हणाली, "या लोकांना स्वस्थ बसवत नाही वाटतं."

पहिल्या वेळी तिनं कॉलेजच्या मुलींसारखा अभ्यास केला. म्हणजे पुस्तक मांडीवर, ओठ बंद, डोळे ओळीवर. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तिथल्या अध्यक्षांनी जगाच्या शांततेसाठी चौदा मुद्दे मांडले होते. पेपरात तिला त्यातले अकरा आठवले. जागा मोकळी सोडायची कशी, म्हणून उरलेले तीन तिनं स्वतःचे घातले. त्यात 'सर्व देशांनी एकमेकांशी गोडीने वागावे' हाही एक होता. तिच्या मते तो मूळच्या चौदांपेक्षा बरा होता.

पाटीचा घोळ झाला तो याच परीक्षेनंतर. त्या वर्षी निकाल रेंगाळला आणि तोतारामचा धीर सुटला. बायको बी.ए. होणार म्हणून तो वखारीत सगळ्यांना सांगून बसला होता. वखारीत ट्रक रंगवायला येणारा चिंधा पेंटर रिकामा दिसला, तशी त्यानं पाटी रंगवून घेतली. चिंधानं आयुष्यात ट्रकच रंगवलेले. त्यामुळे लाल जमिनीवर पिवळी, सावली पाडलेली अक्षरं, डाव्या अंगाच्या दोन कोपऱ्यांत दोन कमळं आणि मधे 'सौ. झुंबरबाई तोताराम सोनवणे, बी.ए.' खाली 'धन्यवाद' लिहिणार होता, तेवढं तोतारामनं थांबवलं.

"अहो, निकाल लागू द्या की!" झुंबरबाई घाबरून म्हणाली.

"निकाल काय, लागेलच. अन् तू काय नापास होणारी बाई आहेस का?"

याला झुंबरबाईनं उत्तर दिलं नाही, ही तिची चूक. खरं म्हणजे चूकही नाही, हाव. लाल पाटीवर स्वतःचं नाव तिला आवडलं होतं.

पाटी लागली कानबाईच्या सणाला. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई येते. नारळाला डोळे, नथ, साडीचोळी करून तिला मांडायचं, भाऊबंद सगळे एका घरात जमायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीला न्यायचं. त्या वर्षी सोनवण्यांच्या सगळ्या भाऊबंदांची कानबाई मेहरूणच्या घरी होती. झुंबरबाईची सासू धुरपदाबाई हिनं दाराच्या चौकटीला हळदीकुंकू लावलं, हातासरशी पाटीलाही लावलं आणि कानबाई त्या पाटीखालून घरात आली. पारोळ्यापासून बोदवडपर्यंतच्या भाऊबंदांनी पाटी वाचली, ज्याला वाचता येत नव्हतं त्यानं वाचून घेतली. "निकाल लागायचाय अजून," असं झुंबरबाई रात्रभर सांगत होती. पण कानबाईच्या गाण्यांत ते कोण ऐकणार?

सोमवारी कानबाई नदीला गेली. गुरुवारी निकाल आला. अमेरिका राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं स्टूल घेतलं, पक्कड घेतली आणि पाटी उतरवायला निघाली. धुरपदाबाई उंबऱ्यात बसलेली होती, ती हललीच नाही.

"काय करी राह्यनी?"

"पाटी काढस, आत्याबाई. खोटी शे ती."

"ज्या पाटीखालथीन कानबाई घरमा उनी, ती पाटी काढानी नही."

"मंग ती दोन अक्षरं तरी खरडी टाकस."

"हळदीकुंकू लायेल शे. खरडानं बी नही." धुरपदाबाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "झाकी दे."

तोतारामला विचारावं, तर तो आठवडाभर वखारीतून उशिराच घरी येत होता.

झुंबरबाईचं दुखणं असं होतं की ती रोज दिवेलागणीला उंबऱ्यात दिवा लावायची. हात जोडायची. देवापुढं ती कधी खोटं बोलली नव्हती. आणि आता हात जोडायची तेव्हा डोक्यावर बरोबर ते खोटं टांगलेलं. तिला वाटायचं, देव दिव्याकडं बघतच नसेल, वर पाटीच वाचत असेल. पाटी उतरवता येत नाही, पुसता येत नाही, तर ती खरी करणं एवढी एकच वाट उरली होती. त्या वाटेवर अमेरिका आडवी पडली होती.

आधी आंब्याच्या पानांचं तोरण लावून पाहिलं. मेहरूणच्या वाऱ्यानं पानं उडत आणि नेमकी 'बी.ए.' उघडी पडे. एकदा बोदवडचा मगन, नात्यानं दीर, दारात उभा राहून तोरण हातानं बाजूला करून वाचायला लागला.

"वहिनी, बी.ए. झालात अन् पेढे नाहीत?"

"भाऊ, अजून अमेरिका राहिली आहे."

"मग जाऊन या की. आम्ही काय अडवतो?"

त्या दिवशी दुपारीच झुंबरबाई बाजारात जाऊन मणी घेऊन आली. विणकामात तिचा हात कुरडयांपेक्षा बरा होता. उजवी बाजू अशी गच्च विणली की वाराच काय, ऊनही पलीकडं जाऊ नये.

ऑक्टोबरात दुसऱ्यांदा पेपर दिला. त्यात 'खुल्या दाराचे धोरण' आलं. अमेरिकेनं चीनच्या व्यापाराबद्दल ते मांडलं होतं, की चीनचं दार सगळ्या देशांना सारखं उघडं असावं. झुंबरबाईच्या डोक्यात हे आणि पुढचं 'चांगल्या शेजाऱ्याचे धोरण' एकमेकांत मिसळलं. तिनं लिहिलं की अमेरिकेचं दार शेजाऱ्यांसाठी दिवसभर उघडं असे. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं मेहरूणची गल्ली होती. निकाल यायच्या आधीच तिला निकाल कळला होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला तसाच निकाल आला आणि ती पुस्तक कोठीवर ठेवायला निघाली. एप्रिलची संधी शेवटची होती, पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बदलणार असं कॉलेजात लिहून लावलं होतं. म्हणजे आता राहिली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि ते तिच्यानं होणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. धुरपदाबाई कापसाच्या वाती वळत बसली होती. तिनं विचारलं,

"सोमवारनी पोथी तुले कशी पाठ शे वं?"

"इतली वरीस वाचस ना."

"पाटवर बठीसन, दिवा लाईसन, मोठ्याथीन वाचस. अन् हाई अमेरिका?"

"ती मनमा वाचस."

"मुक्यानं वाचस म्हनीसन डोकामा जात नही. बठ पाटवर."

झुंबरबाईला हसू आलं. पण सासूनं खरोखरच देवघरापुढं पाट मांडला, समई लावली. मार्गशीर्ष लागला होता. उशीएवढं मार्गदर्शक चौरंगावर ठेवून झुंबरबाई सोवळ्यात नाही तरी हातपाय धुऊन बसली. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग पोथीची चाल आपोआपच गळ्यात आली. 'एकोणिसशे एकोणतीस साली, ऑक्टोबर महिन्यात, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात, भाव कोसळले' हे वाक्य त्या चालीत असं चपखल बसलं की ते जणू त्यासाठीच लिहिलं होतं. तिला एकीकडं लाज वाटत होती, दुसरीकडं सगळं डोक्यात जात होतं.

तिसऱ्या दिवशी भिकुबाई आली. भिकुबाई शेजारची, बोदवडकडची म्हातारी. पोथीचा आवाज ऐकून आली, दारात चपला काढल्या, समईला नमस्कार केला आणि कापूस घेऊन वाती वळत बसली. झुंबरबाईनं मधेच थांबून सांगायला पाहिजे होतं की ही पोथी नाही. पण भिकुबाईनं हात जोडले होते. हात जोडलेल्या माणसाला कसं सांगायचं? चार-आठ दिवसांत गल्लीतल्या बायका जमायला लागल्या. ही परीक्षेची अमेरिका आहे हे सगळ्यांना यथावकाश कळलं. त्यांचं काही बिघडलं नाही.

"म्हणजे या पोथीत देव कोणता?" एकीनं विचारलं.

"अजून आला नाही," भिकुबाई म्हणाली. "पुढं असंल."

महामंदी ऐकताना बायकांच्या हातातल्या वाती थांबल्या. बँका बुडाल्या, कारखान्यांना कुलपं लागली, धडधाकट माणसं पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभी राहिली, हे झुंबरबाई वाचत होती आणि भिकुबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग नवे अध्यक्ष आले, त्यांनी 'न्यू डील' आणलं, रस्ते-धरणांची कामं काढली, माणसांच्या हाताला काम दिलं. तिथं धुरपदाबाईनं आवाज न करता समईत तेल घातलं. झुंबरबाईला दोनदा नापास होऊन न्यू डील कळलं नव्हतं, ते त्या तेलाच्या धारेबरोबर कळलं.

एका संध्याकाळी नागरी हक्कांचं प्रकरण आलं. अलाबामात माँटगोमेरी नावाचं गाव. तिथं काळ्या लोकांनी बसमध्ये मागं बसायचं आणि गोरं माणूस उभं राहिलं तर जागा सोडायची. एक शिवणकाम करणारी बाई कामावरून येताना बसली होती, तिला ऊठ म्हटलं, ती उठली नाही. तिला पोलिसांनी नेलं. मग गावातल्या सगळ्या काळ्या माणसांनी बसमध्ये चढणंच सोडलं.

"मग कामाला कशी जात?" भिकुबाईनं विचारलं.

"पायी."

"किती दिवस?"

"वर्षावर. मग कायदा बदलला."

धुरपदाबाई म्हणाली, "बठ्ठासना, अख्ख्या गावना पाय सुजना व्हतीन," आणि तिनं आपल्याच पायावरून हात फिरवला. जाताना भिकुबाईनं पुस्तकाला हात लावून नमस्कार केला. झुंबरबाईनं या वेळीही तिला अडवलं नाही. या वेळी अडवावंसं वाटलंही नाही.

डिसेंबर संपता संपता शीतयुद्धाचं प्रकरण चालू होतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांनीही एकमेकांवर डोळे वटारून बसायचं पण लढायचं नाही. हे बायकांना सगळ्यात लवकर कळलं, कुणालाच उदाहरण द्यावं लागलं नाही. पंधरवडाभर वाचन चाललं होतं आणि एके दिवशी तोताराम रेडिओवरची बातमी घेऊन आला की सोव्हिएत संघ मोडला. देशच उरला नाही.

"तुझ्या वाचनानं झालं," भिकुबाई दबक्या आवाजात झुंबरबाईला म्हणाली.

"अहो, काहीतरीच काय!"

"मी म्हणते, आता जरा बेतानं वाच. बाकीच्या देशांनी काय घोडं मारलंय?"

झुंबरबाईला वेगळीच काळजी. एवढ्या कष्टानं शीतयुद्ध पाठ केलं, आणि यांना संपवायला हाच महिना सापडला. पुस्तकात तर ते चालूच होतं.

खरी गडबड झाली ती शेवटी. मार्गदर्शकाचं शेवटचं प्रकरण वॉटरगेट. विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून शिरलेली माणसं, ते दडपण्यासाठी केलेली लपवाछपवी, टेपा, चौकशी, आणि शेवटी एकोणिसशे चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये अध्यक्षांचा राजीनामा. झुंबरबाईनं वाचून पुस्तक मिटलं. बायका उठेनात.

"झालं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"झालं."

"असा वाईटवर पोथी मिटानी नही, माय. घरमा लक्ष्मी नांदत नही. काही चांगलं वाच, मंग उठ."

पोथी अशुभावर मिटायची नाही हे झुंबरबाईला माहीत नव्हतं थोडंच! पोथीत कितीही युद्धं, शाप होऊ देत, शेवटी सगळं गोड होतं. तिनं पानं मागं उलटली आणि माणूस चंद्रावर उतरल्याचा भाग काढून वाचला. चंद्राचं नाव निघताच भिकुबाईनं हात जोडले. सगळ्या प्रसन्न होऊन घरी गेल्या. पुढं पुस्तकाची आवर्तनं सुरू झाली, आणि प्रत्येक आवर्तनात चंद्र आपल्या जागेवरून काढून वॉटरगेटच्या मागं लावायची रीतच पडली. एप्रिलपर्यंत झुंबरबाईला अख्खी अमेरिका तोंडपाठ झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी बायकांनी उद्यापन म्हणून शिरा केला आणि पुस्तकावर फूल ठेवलं. झुंबरबाईनं कानबाईला मनातल्या मनात सांगितलं, की तुला या देशाचं नाव माहीत नसेल, माझीच चूक आहे, मीच घेतला. पण पाटी तुझ्या डोक्यावर होती, तेवढं बघ.

धुळ्याला परीक्षेच्या हॉलमध्ये अवघ्या पोरी विशीतल्या. मधे ही, हातात रुमालाची घडी. प्रश्नपत्रिका आली आणि झुंबरबाईच्या लक्षात आलं की तिला सगळं येतंय, पण मधूनच सुरू केलं तर काही येत नाही. प्रश्न होता मार्शल योजनेवर. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपला अमेरिकेनं केलेल्या मदतीचा. तिथं पोचायचं तर महामंदीपासून चालीवर म्हणत यावं लागत होतं. ती ओठ हलवत, मान डोलवत म्हणायला लागली. पुढच्या बाकावरची मुलगी वळून बघायला लागली. पर्यवेक्षक आले.

"बाई, काय चाललंय?"

"सर, मार्शल योजनेकडं निघालेय. पर्ल हार्बरपर्यंत आलेय."

"मनात या."

"मनात येत नाही हो, तेच तर दुखणं आहे."

त्यांनी तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि हळू म्हणायला सांगितलं. झुंबरबाईनं महामंदी, महायुद्ध, मार्शल योजना सगळं गुणगुणत लिहिलं. शेवटचा प्रश्न होता 'वॉटरगेट प्रकरण व त्याचे परिणाम'. तिचा आवडता. तिनं राजीनाम्यापर्यंत झरझर लिहिलं आणि हात थांबेचना. 'या प्रकरणाने देशाचे मन खिन्न झाले. तेव्हा जुलै १९६९ मध्ये अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरवला व सर्व दुःखाचा परिहार झाला.' १९६९ खाली तिनं पट्टीनं रेघ मारली. खाली 'शुभं भवतु' असंही लिहिणार होती, पण घंटा झाली.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. इतक्या हलक्या मनानं ती धुळ्याहून कधी निघाली नव्हती. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा दिवस मावळत होता. किल्ल्याच्या बाजूला चंद्र वर आला होता. सवयीनं तिनं हात जोडले आणि सवयीनंच ओठांवर शेवटची ओळ आली, जुलै एकोणिसशे एकोणसत्तर. मग तिचे हात तसेच राहिले. राजीनामा एकोणिसशे चौऱ्याहत्तरचा. म्हणजे अमेरिकेनं दुःखाचा परिहार दुःख होण्याच्या पाच वर्षं आधीच करून ठेवला होता. आणि ते तिनं पट्टीनं रेघ मारून सरांना दाखवलं होतं.

"अगं आई गं," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय झालं, अक्का? पाकीट मारलं का?" शेजारच्या पागोटेवाल्यानं विचारलं.

"नाही हो आबा. मीच मारून घेतलं."

एरंडोल येईपर्यंत ती रडली. एरंडोलच्या पुढं तिला हसू फुटलं, कारण तिच्या डोळ्यांपुढं पेपर तपासणारे सर आले, चष्मा काढून पुसणारे. आपण कुणाला तरी हसवलं असणार, एवढं तरी पुण्य पदरात पडेल.

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त धुरपदाबाईला सांगितलं, कारण चंद्र मागं लावायची सूचना तिची होती. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग चंद्रवर कधी गयात?"

"राजीनामाना आधी, आत्याबाई."

"असू दे. मास्तरना बी घरमा पोथी व्हई," धुरपदाबाई म्हणाली. "त्याले समजी."

मास्तरांच्या घरी पोथी होती की नव्हती, कोण जाणे. श्रावण लागला आणि कानबाईच्या आदल्या दिवशी तोताराम गुणपत्रिका घेऊन धुळ्याहून आला. या वेळी त्यानं रस्त्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं, पेढे आणले नव्हते, पाकीट उघडलंही नव्हतं. एका वर्षात माणूस एवढा शहाणा झालेला बघून झुंबरबाईलाच कसंतरी झालं.

"तू उघड," तो म्हणाला. "माझा हात लागायला नको."

ती पास होती. अगदी काठावर, एक पाऊल इकडं पडतं तर गेलीच होती. चंद्राचे गुण गेले असणार, बाकीच्या अमेरिकेनं तारलं. झुंबरबाईनं गुणपत्रिका आधी देवापुढं ठेवली आणि मग स्टूल घेऊन दारात गेली. आता भिकुबाई आली, शेजारणी आल्या, धुरपदाबाई उंबऱ्यात होतीच. झुंबरबाईनं तोरणाची गाठ सोडली. तोरण खाली आलं आणि सगळ्या बायका वर बघत राहिल्या.

दार पश्चिमेचं. जळगावचं वर्षभराचं ऊन पाटीवर पडलेलं. चिंधाचा ट्रकवाला लाल रंग उन्हात पार विटून गेला होता, पिवळी अक्षरं पुसट झाली होती, दोन्ही कमळं दिसेनाशी झाली होती. 'सौ. झुंबरबाई तोताराम सोनवणे' म्हणजे भिंतीवरचा डाग वाटत होता. फक्त उजव्या टोकाला, गच्च विणलेल्या मण्यांच्या सावलीत वर्षभर झाकून ठेवलेली दोन अक्षरं काल रंगवल्यासारखी, लालपिवळी, सावलीसकट झळकत होती.

बी.ए.

तोताराम डोकं खाजवत म्हणाला, "चिंधाला बोलावतो. नाव परत रंगवून घेऊ."

"राहू द्या," झुंबरबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "वर्षभर नाव खरं होतं अन् डिग्री खोटी होती. आता डिग्री खरी झाली तर नाव गेलं. दोन्ही एकदम माझ्या नशिबात नाही."

"मंग घर कोनं शे, लोकेसले कसं समजी?" धुरपदाबाईनं विचारलं.

"इचारतीन, आत्याबाई. मी दारमाच बठेल राहसू."

दुसऱ्या दिवशी कानबाई आली. धुरपदाबाईनं चौकटीला हळदीकुंकू लावलं, पाटीलाही लावलं, या वेळी नेमकं त्या दोन अक्षरांवर. बोदवडचा मगन दारात थांबला, मान वर करून त्यानं पाटी वाचली आणि ओरडून विचारलं, "वहिनी, या घरात कोण राहतं?"

झुंबरबाई कानबाईची आरती घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, आत या. आधी पेढा घ्या, मग सांगते." तोताराम सकाळीच पेढे घेऊन आला होता. तिनं पहिला पेढा कानबाईपुढं ठेवला, दुसरा भिकुबाईला दिला.

भिकुबाईनं पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि विचारलं, "मग आता पुढची पोथी कोणत्या देशाची?"

"नको बाई," धुरपदाबाईच्या आधी झुंबरबाईच म्हणाली. "एक देश मोडला तेवढा पुरे."